मळ्यातल्या घरात व्होल्टेज पडतंय? स्टॅबिलायझर घेण्याआधी मीटरपासूनची वायर तपासा

गीझर लावला की ट्यूब मिणमिणते. मिक्सर फिरवला की पंखा मंदावतो. पाण्याची मोटर सुरू होताना टीव्ही बंद पडून परत चालू होतो. रात्री अकरानंतर सगळं सुरळीत, आणि सकाळी सहा ते नऊ पुन्हा तोच ताप. तासगाव, पलूस, वाळवा, मिरज या भागात मळ्यात नाहीतर वस्तीवर राहणाऱ्या घरांतून ही तक्रार सतत येते. एकदा कुणीतरी येऊन स्क्रू आवळून जातं, महिनाभर बरं चालतं, मग परत सुरू. लोक वैतागून स्टॅबिलायझर घेतात, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मोठी बसवतात, मोटर रिवाइंड करून आणतात. मूळ दुखणं तसंच राहतं.

बहुतेक घरांत ते दुखणं मीटर आणि घर यांच्यामधल्या वायरीत असतं. घर बांधलं तेव्हा चार बल्ब, दोन पंखे आणि एक टीव्ही एवढाच लोड होता. मीटर रस्त्याकडेला पोलाजवळ किंवा विहिरीवरच्या खोलीत, आणि घर आत बागेत. त्या वेळी दुकानात जी वायर मिळाली ती ओढली आणि काम भागलं. आता त्याच वायरीवर गीझर, फ्रिज, इंडक्शन, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आणि टाकीची मोटर आली. वायर मात्र तीच.

माझं सांगणं एवढंच आहे, की लोड चालू ठेवून दोन ठिकाणी व्होल्टेज मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. आणि वायर ठरवताना नुसता अँपिअरचा तक्ता बघून भागत नाही, अंतराचा हिशोब करावाच लागतो. मळ्यातल्या घरात निर्णय अंतरच करतं.

मोजायचं ते लोडवर

मल्टीमीटर लावून नुसता बोर्ड तपासला आणि २३० व्होल्ट दिसले म्हणून लाईन चांगली, असं होत नाही. वायरीतून करंट वाहत नसेल तर व्होल्ट कुठेच पडत नाहीत. केसासारखी बारीक वायर असली तरी मोकळ्या लाईनवर मल्टीमीटर पूर्ण व्होल्टेज दाखवेल. म्हणून आधी घरात गीझर आणि इस्त्री दोन्ही लावा. ही दोन यंत्रं साध्या कॉइलची असल्यामुळे त्यांचा करंट स्थिर असतो, हिशोबाला सोपी जातात.

मग एकाने मीटरजवळच्या मेन स्विचच्या आउटगोइंगला मोजायचं, दुसऱ्याने घरातल्या मेन बोर्डाच्या इनकमिंगला, फोनवर बोलत एकाच वेळी. पोलावरचं व्होल्टेज मिनिटामिनिटाला हलत असतं, त्यामुळे आधी इथे मोजून मग चालत तिथे गेलात तर आकडे फसवतात. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, मोजायचं ते मीटरनंतरच्या मेन स्विचवर. हे जिवंत लाईनवरचं काम आहे. पायात रबरी चप्पल, हात कोरडे, खाली ओल नको, आणि सवय नसेल तर परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. क्लॅम्प मीटर असेल तर त्याच वेळी फेजच्या वायरीवरचा करंटही लिहून ठेवा.

आता तीन गोष्टी दिसू शकतात. मीटरजवळच व्होल्टेज बरंच कमी असेल, तर दोष पोल, सर्व्हिस वायर (पोलापासून मीटरपर्यंतची) किंवा डीपीकडचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडचा आहे, तुमच्या वायरीवर खर्च करून उपयोग नाही. मीटरजवळ ठीक आणि घरात कमी असेल, तर मधली वायर नाहीतर मधला जॉइंट. दोन्हीकडे ठीक आणि फक्त एका खोलीत कमी असेल, तर आतलं सर्किट.

द्राक्षबागेतल्या एका घराचं उदाहरण घेतो. मीटरपासून घर ७० मीटर आत. वायर ४ स्क्वेअर एमएमची (हे तारेच्या छेदाचं माप, पुढे नुसतं चारची, सहाची म्हणतो) ॲल्युमिनिअम. घरमालकांनी दोन स्टॅबिलायझर घेतलेले, तरी ट्यूब मिणमिणायची थांबेना. त्यांचं ठाम मत होतं, “मीटरवर तर दोनशे अठ्ठावीस दाखवतंय की ओ, मग वायरीत काय दोष?” मोकळ्या लाईनवर घरातही २२८च होते. गीझर आणि इस्त्री लावल्यावर मीटरजवळ २२२ आणि घरात २०३. करंट साडेअकरा अँपिअर.

म्हणजे ७० मीटरमध्ये १९ व्होल्ट गायब. ४ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनिअमचा रेझिस्टन्स भारतीय मानकानुसार किलोमीटरला ७.४१ ओहम. करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणून अंतर दुप्पट धरायचं, १४० मीटर. रेझिस्टन्स झाला सुमारे १.०४ ओहम. म्हणजे या घरात जो एकेक अँपिअर ओढला जाईल त्यामागे एकेक व्होल्ट वायरीत जाणार. साडेअकरा अँपिअरला बारा व्होल्ट. पण पडत होते १९. उरलेले ७ कुठे गेले?

ते जॉइंटमध्ये गेले. घराच्या भिंतीपाशी ॲल्युमिनिअमची वायर संपून तांब्याची सुरू झाली होती. दोन्ही टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. ७ व्होल्ट गुणिले साडेअकरा अँपिअर म्हणजे ८० वॅट उष्णता. दुकानात रेडिओ दुरुस्तीला वापरतात ती सोल्डरिंगची इस्त्री २५ ते ३५ वॅटची असते. तशा दोन-तीन इस्त्र्या एका बोटभर जॉइंटमध्ये रोज सकाळी पेटत होत्या. मीटरजवळचा मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि टेप सोडवली, तर आतलं पीव्हीसी वितळून चिकट झालेलं, ॲल्युमिनिअमवर पांढरी भुकटी.

आकड्याचा हा फरकच दोष कुठे आहे ते सांगतो. हिशोबाने जितके व्होल्ट पडायला हवेत साधारण तितकेच पडत असतील तर वायर बारीक आहे. त्याहून बरेच जास्त पडत असतील तर कुठेतरी जॉइंट सैल आहे किंवा गंजलाय. जॉइंट न बघता नुसती वायर बदलली आणि नव्या वायरीचं टोक पुन्हा तसंच पिळलं, तर सहा महिन्यांत तक्रार परत येते. “नवीन वायर टाकली तरी फरक नाही” असं लोक म्हणतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

स्टॅबिलायझरने काय होतं

मधे कुठेही दोष न शोधता स्टॅबिलायझर लावला की घरातल्या एका यंत्राला २३० मिळतात खरे, पण ते कुठून तरी यायला हवेत. व्होल्टेज वाढवायचं तर मागून जास्त करंट ओढावा लागतो. जास्त करंट म्हणजे वायरीत जास्त व्होल्ट पडणार. मग घरातले बाकीचे पॉइंट आणखी खाली जातात आणि जॉइंट आणखी तापतो. पोलावरूनच व्होल्टेज कमी येत असेल तर फ्रिजला स्टॅबिलायझर लावायला माझी हरकत नाही. वायर बारीक असताना तो लावणं म्हणजे दुखण्यावर भार टाकणं.

मोटर आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर यांनाही कमी व्होल्टेज बाधतं, कारण काम तेवढंच करायचं असल्याने ती जास्त करंट ओढतात आणि वाइंडिंग तापतं. गीझरचं उलटं, त्याची ताकदच घटते. २००० वॅटचा गीझर २०० व्होल्टवर दीड हजार वॅटच्या आसपास चालतो. पाणी तापायला वेळ लागतो म्हणून लोक कॉइल बदलून बघतात. कॉइलचा काही दोष नसतो.

वायर किती जाड हवी

आधी लोड. घरातली सगळी यंत्रं बेरीज करायची नाहीत, एका वेळी कोणती चालतात ते बघायचं. मळ्यातल्या घरात सकाळचा तास सगळ्यात जड असतो. २००० वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर. २००० वॅटचं इंडक्शन तेवढंच. इस्त्री चार-साडेचार. टाकीची अर्धा एचपी मोटर सुमारे चार. फ्रिज, दिवे, पंखे, टीव्ही मिळून तीन. सगळं अगदी एकदम लागलं तर २९च्या घरात जातं, पण इंडक्शन सतत पूर्ण ताकदीवर नसतं आणि मोटर थोडा वेळच चालते, म्हणून अशा घरासाठी मी २५ अँपिअर धरतो. पुढे एसी घ्यायचा विचार असेल तर दीड टनाला सात-आठ अँपिअर आत्ताच वाढवून घ्या. वायर एकदा पुरली की परत उकरायची नाही.

मग व्होल्टचा हिशोब. मीटरपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत सगळं मिळून ३ ते ५ टक्के, म्हणजे ७ ते ११ व्होल्ट पडले तर चालतं. त्यातले दोन-तीन व्होल्ट घराच्या आतल्या वायरिंगला लागतात. म्हणून मीटर ते घर या लांब टप्प्यात ७ व्होल्टच्या आत राहायचं असं मी धरतो.

सूत्र सोपं आहे. एका बाजूचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला २ने गुणा, मग अँपिअरने गुणा, मग तांब्यासाठी ०.०१८ने किंवा ॲल्युमिनिअमसाठी ०.०३ने गुणा, आणि वायरीच्या स्क्वेअर एमएमने भागा. येतात ते पडणारे व्होल्ट. वायर तापली की रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे भर उन्हाळ्यात भरपूर लोडवर आणखी १५-२० टक्के धरलेले बरे.

वरच्याच घराला हे लावून बघू. ७० मीटर, २५ अँपिअर. जुनी ४ची ॲल्युमिनिअम ठेवली तर २६ व्होल्ट पडतात, म्हणजे मीटरजवळ २२२ असले तर घरात १९६. तांब्याची ६ची घेतली तर साडेदहा व्होल्ट. १०ची तांब्याची घेतली तर ६.३. ॲल्युमिनिअमची १६ची घेतली तर ६.६. इथे उत्तर मिळालं, १०ची तांब्याची किंवा १६ची ॲल्युमिनिअमची.

आता अँपिअरचा तक्ता काय सांगतो ते बघा. पाइपमधून नेलेली तांब्याची दीडची वायर साधारण १३-१४ अँपिअर, अडीचची १८-२०, चारची २४-२८, सहाची ३१-३६, दहाची ४२च्या पुढे सोसते. नुसता हा तक्ता बघणारा दुकानदार २५ अँपिअरला चारची तांब्याची वायर देईल, आणि त्याच्या परीने ते चूक नाही. वायर जळणार नाही. पण चारच्या तांब्यावर ७० मीटरला जवळजवळ १६ व्होल्ट पडतील आणि ट्यूब मिणमिणतच राहील. गावठाणात पोलापासून दहा-बारा मीटरवर घर असेल तर तोच तक्ता पुरेसा असतो, कारण तिथे चारच्या वायरीवर दोन-अडीच व्होल्टच पडतात. अंतर ३० मीटरच्या पुढे गेलं की मात्र सूत्र वापरायलाच हवं.

तांबं घ्यायचं की ॲल्युमिनिअम, हा प्रश्न हमखास येतो. मानकातले आकडे बघितले तर ॲल्युमिनिअम एक साइज वरचं घेतलं की तांब्याच्या बरोबरीला येतं. अडीचचं तांबं आणि चारचं ॲल्युमिनिअम, दोघांचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम. सहाचं तांबं आणि दहाचं ॲल्युमिनिअम, दोन्ही ३.०८. दहाचं तांबं १.८३ आणि सोळाचं ॲल्युमिनिअम १.९१. लांब टप्प्याला ॲल्युमिनिअमची केबल बरीच स्वस्त पडते आणि मी ती निःशंकपणे सुचवतो, फक्त तिची टोकं नीट बांधली पाहिजेत. घराच्या आतल्या वायरिंगला मात्र तांबंच.

टोकांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मे दोष तिथेच असतात. ॲल्युमिनिअम उघडं पडलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थर वीज नीट जाऊ देत नाही. शिवाय स्क्रूखाली दाबलेलं ॲल्युमिनिअम हळूहळू पसरतं आणि आवळलेला स्क्रू आपोआप सैल होतो. तांब्याला थेट जोडलं आणि ओल लागली की गंज चढतो. म्हणून टोक ब्रशने घासून लगेच ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावायची, बायमेटल लग (ॲल्युमिनिअम आणि तांबं जोडणारं तयार टोक) क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून बसवायचा, पक्कडीने चेपून नव्हे, आणि मग बोल्टने कसायचा. मधे जॉइंट शक्यतो नकोच. मीटरपासून घरापर्यंत एकसंध केबल घ्या, दहा मीटर जास्त लागली तरी. बसवल्यावर महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा परत आवळा.

न्यूट्रलबद्दलही. “न्यूट्रलला काय लागतंय, बारीक चालते” असं म्हणून एक वायर जाड आणि एक बारीक ओढलेली मी पाहतो. सिंगल फेजमध्ये न्यूट्रलमधून फेजइतकाच करंट परत जातो. दोन्ही वायरी सारख्याच हव्यात. आणि न्यूट्रल तुटला म्हणून अर्थिंगवर घर चालवण्याचा उपाय कुणी सुचवला तर त्याला ताबडतोब थांबवा. त्याने नळापासून फ्रिजच्या बॉडीपर्यंत कशालाही करंट येऊ शकतो.

एमसीबी पडते म्हणून मोठी बसवली

ही सगळ्यात धोक्याची दुरुस्ती. स्वयंपाकघरात अडीचची वायर, वर १६ची एमसीबी. इंडक्शन आणि मिक्सर आणि ओव्हन एकत्र लागले की ती पडते. कुणीतरी ३२ची बसवून देतं आणि पडणं थांबतं. एमसीबी वायरीची राखण करायला असते. वायर सोसेल त्याच्या आतच ती पडली पाहिजे. ३२ची एमसीबी ३२ अँपिअरला लगेच पडते असंही नाही. मानकानुसार १.१३ पटीपर्यंत, म्हणजे ३६ अँपिअरपर्यंत, ती तासभर पडू नये अशीच बनवलेली असते. भिंतीतली अडीचची वायर तोवर तापून तिचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, आणि ते भिंतीच्या आत असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

दिव्यांच्या दीडच्या सर्किटला ६ किंवा १०ची, अडीचला १६ची, चारला २० ते २५ची, सहाला ३२ची. त्याच्या पुढे जायचं नाही. एमसीबी पडत असेल तर इंडक्शन आणि गीझर यांना मेन बोर्डापासून स्वतंत्र चारची वायर ओढा. आणि मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर हे काम चालू असतानाच बसवून घ्या. बागेत, गोठ्यात, ओल्या जमिनीवर वावरणाऱ्या माणसांना तीच वाचवते.

मळ्यातून वायर नेताना

द्राक्षबागेचा मांडव लोखंडी अँगल आणि तारांचा असतो. घराची वायर त्याच मांडवावरून, अँगलला बांधून नेलेली मी बघतो तेव्हा मला खरोखर भीती वाटते. वाऱ्याने वायर अँगलवर घासत राहते, उन्हाने पीव्हीसी कडक होतं, आणि एक दिवस तांबं लोखंडाला टेकतं. मग एक अँगल नव्हे, ती सबंध ओळ जिवंत होते. छाटणीला, डिपिंगला, विरळणीला आलेल्या बाया त्या तारांना दिवसभर हात लावत असतात, तेही ओल्या हातांनी. वायर मांडवावर असेल तर व्होल्टेजची तक्रार असो वा नसो, ती आधी तिथून काढा.

योग्य रस्ता जमिनीखालचा. आर्मर्ड केबल (वरून लोखंडी तारांचं कवच असलेली), दोन कोअर, किमान पाऊण मीटर म्हणजे अडीच फूट खोल. खाली-वर वाळू, वर विटांची रांग, आणि त्यावर इशाऱ्याची पट्टी, म्हणजे पुढे कुणी उकरलं तर आधी वीट लागेल. बागेच्या ओळीतून नको, बांधाच्या कडेने न्या. ओळीत रोटर फिरतो, आणि नवीन खांब रोवताना पहार थेट केबलमध्ये जाते. हे कवच, म्हणजे आर्मर, दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये (केबलचं टोक पकडणाऱ्या नटात) घट्ट बसवून मीटरकडच्या बाजूला अर्थिंगला जोडायचा. केबल कुठून गेली त्याचा फोटो काढून ठेवा, खंदक उघडा असतानाच.

वरूनच न्यायची असेल तर मधे आधाराच्या जीआय तारेवर, स्वतःच्या खांबांवर, ट्रॅक्टर-ट्रॉलीवर ऊस भरलेला असताना खालून जाईल इतकी उंच. उसाच्या फडाकडेने वायर असेल तर पाचट पेटवताना खालचं इन्सुलेशन भाजतं आणि काही महिन्यांनी पावसाळ्यात गळती सुरू होते. असा दोष कोरड्या दिवशी सापडत नाही.

सांगली शहरात, गावभाग, सांगलीवाडी, कृष्णाकाठच्या वस्त्यांत दुखणं थोडं निराळं आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैत पुराचं पाणी आल्यावर अनेक घरांत बोर्ड वर नेले गेले. ते शहाणपणाचंच होतं. पण नेताना जुनीच वायर तोडून तिला तुकडा जोडला, तो जॉइंट पाइपात कोंडला, आणि पाण्यात बुडालेला खालचा भाग तसाच राहिला. गढूळ पाण्यात भिजलेल्या वायरीत तारांच्या मधून ओल आत चढते. तांबं काळं-हिरवं दिसत असेल तर तो भाग कापून टाकायचा, पुसून वापरायचा नाही. अशा घरांत अंतर कमी असूनही लोडवर आठ-दहा व्होल्ट पडतात, आणि ते जवळजवळ सगळे एखाद्या जॉइंटमध्येच असतात.

वायर घेताना

जुनी वायर किती जाडीची हे कळत नसेल तर तिची एक तार मोजा. जुने वायरमन अजून तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस म्हणतात. पहिला आकडा तारा किती, दुसरा त्यांचा गेज. २२ गेजची तार ०.७१ मिलिमीटर जाड, २० गेजची ०.९१. त्या हिशोबाने तीन-बावीस म्हणजे सव्वाच्याही आत, तीन-वीस दोनच्या आसपास आणि सात-वीस साडेचारच्या आसपास स्क्वेअर एमएम. जुन्या घरात गीझरला तीन-बावीस निघाली तर ती आजच बदलण्यासारखी आहे.

नवी वायर घेताना आयएसआयचा शिक्का आणि त्यावर आयएस ६९४ हा नंबर बघा, आणि कॉइल काट्यावर ठेवा. ९० मीटरच्या अडीचच्या कॉइलमध्ये तांबंच दोन किलोच्या आसपास असतं, वर पीव्हीसीचं वजन वेगळं. सगळी कॉइल मिळून दोन किलो भरत नसेल तर त्या वायरीवर अडीच छापलेलं असलं तरी आत अडीच नाही. बिल घ्या.

दोष मीटरच्या आधी, पोलाकडे निघाला तर

मोजल्यावर मीटरजवळच २०० किंवा त्याच्या खाली दिसत असेल, तर सकाळी, दुपारी, संध्याकाळी असे चार-पाच दिवसांचे आकडे कागदावर लिहा, घरात काय चालू होतं तेही लिहा, आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्जासोबत द्या. “व्होल्टेज येत नाही” एवढ्या तक्रारीला लाइनमन रात्री येतो, मोकळ्या लाईनवर २३० बघतो आणि परत जातो. वेळ आणि आकडे लिहिलेले असले की पोलावरचा जॉइंट, सर्व्हिस वायर की डीपीवरचा लोड, हे त्यालाही शोधता येतं. शेजाऱ्यालाही त्याच वेळी व्होल्टेज कमी असेल तर दोघांनी मिळून अर्ज करा, कारण मग दोष तुमच्या एकट्याच्या सर्व्हिस वायरीत नसण्याची शक्यता जास्त.

बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही बघा. घरात पाच-सहा किलोवॅट वापर आणि मंजूर भार एक किलोवॅट, अशी बिलं सर्रास आढळतात. डीपी आणि सर्व्हिस वायर मंजूर भार बघूनच ठरवलेली असते. जाड वायर टाकायच्या आधी भार वाढवून घेण्याचा अर्ज द्या, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट त्याला लागेलच.

एका प्रकारात मात्र मोजत बसायचं नाही. घरात थ्री फेज असेल आणि एका खोलीतले दिवे मंद होताना दुसऱ्या खोलीतले नेहमीपेक्षा जास्त प्रखर होत असतील, तर न्यूट्रल तुटलेला किंवा सुटलेला आहे. अशा वेळी एखाद्या फेजवर तीनशेच्या पुढे व्होल्टेज जाऊ शकतं आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर मिनिटांत जळतात. मेन पाडा, शेजाऱ्यांना पाडायला सांगा आणि १९१२ला फोन करा. न्यूट्रल जोडला गेल्यावर मेन लगेच चालू करू नका. आधी तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा, तिन्ही आकडे जवळपास सारखे आले की मगच एकेक एमसीबी वर करा.